तबकडीच्या खेळात कुणी लिंबूटिंबू नसतं

लगोरी असो, लपंडाव असो की आबाधुबी. घरातलं शेंडेफळ "मलापण घ्या" म्हणून रडायला लागलं की मोठी मुलं ठरलेला तोडगा काढायची. "बरं, ये. पण तू लिंबूटिंबू हं!" म्हणजे सगळ्यांबरोबर पळायचं, पण आऊट झालं तरी आऊट नाही आणि जिंकलं तरी जिंकणं नाही. पोर त्या दिवसापुरतं खूश व्हायचं. पुढे कधीतरी त्यालाही कळायचं की आपण खेळात आहोत आणि नाहीही.

आता असा खेळ डोळ्यांपुढे आणा, ज्यात सहा वर्षांची नात, चाळिशीतले आईबाबा, सत्तरीचे आजोबा आणि हवं तर चक्क जगज्जेतासुद्धा एकाच बास्केटवर नेम धरतात आणि प्रत्येकाचा गुण खराखुरा मोजला जातो. हा खेळ म्हणजे डिस्क गॉल्फ. अमेरिकेत लेकाकडे किंवा लेकीकडे चार महिने राहून आलेल्या कितीतरी आजीआजोबांनी तो पाहिलेला असेल. सकाळी बागेत फिरायला जावं, तर झाडांमध्ये लोखंडी खांब रोवलेला, खांबाला वरून साखळ्यांची झालर आणि खाली जाळीची टोपली. ही कचऱ्याची पेटी की पक्ष्यांना दाणे घालायची सोय, असा विचार करेपर्यंत कुठून तरी एक तबकडी सूंऽऽ करत येते, साखळ्यांवर आदळते, "छन्न!" वाजतं आणि पाठोपाठ टाळ्या!

नियम गॉल्फचेच, फक्त चेंडू आणि काठीच्या जागी तबकडी. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, पहिली फेक. तबकडी पडेल तिथून दुसरी. कमीत कमी फेकींत बास्केट गाठायची. बहुतेक होल, म्हणजे टीपासून बास्केटपर्यंतचे टप्पे, 'पार ३' असतात, म्हणजे तीन फेकींत पोचलात की हिशेब चोख. एका फेकीत बास्केट गाठली तर तो 'एस', आणि एस मारणारा माणूस वर्षभर त्याची गोष्ट सांगतो. अशा होलांचे कोर्स, म्हणजे मैदानं, जगभरात १५,००० हून जास्त आहेत. अमेरिकेतले बहुतांश सार्वजनिक बागांमध्ये आहेत आणि तिथे खेळायला छदामही पडत नाही.

डब्याच्या झाकणापासून

खेळाची पहिली माहीत असलेली नोंद मोठ्या माणसांची नाहीच. १९२६ साली कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात, ब्लॅडवर्थ नावाच्या गावी रोनाल्ड गिब्सन आणि त्याचे शाळासोबती डब्यांची पत्र्याची झाकणं फेकून गॉल्फ खेळायचे. शाळेच्या आवारातल्या वाळूत वर्तुळं आखलेली असत, तेच त्यांचे होल. खेळाचं नाव 'टिन लिड गॉल्फ'. मुलं मोठी झाली, पांगली आणि खेळ तिथेच थांबला.

मग आला केकचा साचा. १९३८ मध्ये सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर फ्रेड मॉरिसन आणि त्यांची होणारी बायको ल्युसिल केकचा पत्र्याचा साचा एकमेकांकडे फेकत होते. बघणाऱ्या एका माणसाने त्या साच्याचे २५ सेंट देऊ केले. दुकानात तो ५ सेंटला मिळायचा! मॉरिसनना तिथेच धंदा दिसला. पुढे १९४७ पासून अमेरिकेत जो तो आकाशात उडत्या तबकड्या पाहू लागला, तेव्हा मॉरिसननी आपल्या प्लॅस्टिकच्या चकतीला त्याच लाटेवर सोडलं. १९५५ च्या त्यांच्या चकतीचं नाव होतं 'प्लूटो प्लॅटर'. १९५७ मध्ये व्हॅम-ओ कंपनीने तिचे हक्क घेतले आणि कनेटिकटमधल्या फ्रिस्बी पाय कंपनीच्या नावावरून तिचं बारसं केलं, कारण त्या भागातले विद्यार्थी पायच्या रिकाम्या थाळ्या फेकत हाच खेळ खेळायचे.

आणखी एक गंमत. १९७४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात तबकडी-गॉल्फची मोठी स्पर्धा झाली. बक्षीस काय, तर कोरी करकरीत डॅटसन मोटार! डॅन रॉडिक नावाच्या खेळाडूने ती जिंकली. तबकडी फेकून कोणी गाडी घरी नेतो म्हटल्यावर पोरांचा खेळ म्हणून हसणारेही थोडे सावध झाले असणार.

साखळ्यांचा बाप

पण आज बागेत दिसणारा खेळ घडवला तो 'स्टेडी' एड हेड्रिक यांनी. व्हॅम-ओमध्ये असताना त्यांनी फ्रिस्बीच्या पाठीवर बारीक कंगोऱ्यांची वर्तुळं घातली, त्यामुळे ती डळमळायची थांबली. १९६७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. १९७५ साली कॅलिफोर्नियात, पॅसाडीनाच्या सीमेवरच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यांनी पहिला कायमस्वरूपी कोर्स मांडला. ही बाग कुठे आहे माहीत आहे? नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीला अगदी लागून! कुंपणाच्या एका बाजूला मंगळावर गाडी उतरवणारे लोक आणि दुसऱ्या बाजूला ओकच्या झाडांमधून तबकडी नेमकी उतरवू पाहणारी कुटुंबं. मला या शेजाराचं फार अप्रूप वाटतं.

सुरुवातीला तिथे नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली, असं एक म्हणणार, नाही लागली, असं दुसरा म्हणणार. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये कॅच जमिनीला टेकून घेतला की वरच्यावर, यावरून जसा दंगा होतो, तसाच तिथे होई. हेड्रिकनी उपाय शोधला: खांबाभोवती साखळ्या लोंबत्या सोडायच्या आणि खाली टोपली लावायची. साखळ्या तबकडीचा वेग पिऊन टाकतात, ती टोपलीत पडते आणि वाद मिटतो. शिवाय तो आवाज! या खेळाची अर्धी गोडी त्या छन्नमध्ये आहे.

आणि बास्केटची उंची. टोपलीची कड जमिनीपासून साधारण ८२ सेंटिमीटरवर असते. मोठ्यांच्या कमरेच्या जरा खाली, लहानग्यांच्या छातीशी. बास्केटबॉलची रिंग तीन मीटरवर असते, त्यामुळे चिमुरड्यांना तिच्याखाली नुसतं मान वर करून उभं राहावं लागतं. इथे पहिलीतलं पोरही पुढे जाऊन आपली तबकडी स्वतःच्या हाताने टोपलीतून काढू शकतं.

हेड्रिकनी १९७६ मध्ये व्यावसायिक डिस्क गॉल्फ संघटना स्थापन केली आणि सभासद क्रमांक १ त्यांचाच. २००२ मध्ये ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थींची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या बनवल्या गेल्या. काही घरच्यांना आणि स्नेह्यांना दिल्या, काही विकून आलेला पैसा या खेळाच्या संग्रहालयासाठी वापरायचा ठरला.

लाल, पांढरी, निळी, सोनेरी

आता मुद्द्याची गोष्ट. एकाच बास्केटवर सगळे नेम धरतात, तर मग नात आणि जगज्जेता यांचा सामना बरोबरीचा कसा? उत्तर आहे टी. चांगल्या कोर्समध्ये एकेका होलला दोन, तीन, कधी चार टी असतात. खेळाच्या संघटनेची रंगांची पद्धत अशी: लाल टी नवशिक्यांसाठी आणि मौजेखातर खेळणाऱ्यांसाठी, पांढरी त्याच्या वरच्यांसाठी, निळी मुरलेल्यांसाठी आणि सोनेरी अव्वल दर्जाच्यांसाठी. सगळ्या बागा हेच रंग पाळतात असं नाही, म्हणून सुरुवातीचा फलक आधी वाचावा.

हिशेब करून बघा. आठ वर्षांची मुलगी ३० मीटर फेकते. लाल टीपासून बास्केट ५५ मीटरवर असेल तर दोन फेकींत ती जवळ पोचते आणि तिसरी अलगद साखळ्यांत. पार! तिचा मामा कसलेला आहे, १०० मीटर सहज फेकतो. त्याची टी १९० मीटरवर मागे झाडीत. त्यालाही दोन फेकी आणि शेवटचा पट, म्हणजे जवळून अलगद फेक. त्याचाही पार. दोघं वेगळ्या जागेवरून निघाली, पण एकाच वेळी त्याच बास्केटपाशी भेटली. चालणं सोबत, गप्पा सोबत, शेवटचा छन्नही सोबत.

अंतर कमी करणं हा मात्र यातला सोपा भाग आहे. खरं कौशल्य पुढे दिसतं. वाटेत तळं असेल तर लाल टी तळ्याच्या पलीकडे किंवा कडेला ठेवतात. ३० मीटर फेकणाऱ्याला ४० मीटर पाणी ओलांडायला लावणं म्हणजे त्याची तबकडी बुडवायला सांगणंच. दाट झाडीतून निमुळती वाट असेल तर लहानांची टी अशा कोनात, की समोर मोकळं दिसावं. ज्या कोर्सवर लाल टी म्हणजे फक्त गवतात ठोकलेली एक खुंटी असते, तिथे आखणाऱ्याने मुलांचा विचार शेवटी केलाय हे लगेच कळतं. आणि जिथे लहानांच्या टीलाही मोठ्यांसारखीच सपाट, पक्की फरशी असते, तिथे मला त्या अनोळखी माणसाला मनापासून नमस्कार करावासा वाटतो.

जिथे जावंच असे कोर्स

कॅन्ससमधलं एम्पोरिया हे छोटंसं गाव डिस्क गॉल्फवाल्यांची पंढरी आहे. तिथल्या एका कोर्सचं नाव ऐकूनच मुलं तयार होतात: पीटर पॅन पार्क. बागेमागची गोष्ट मात्र हळवी आहे. गावातले नामवंत संपादक विल्यम अॅलन व्हाइट यांची मुलगी मेरी १९२१ मध्ये, सोळाव्या वर्षी गेली. घोड्यावरून जाताना झाडाच्या फांदीचा तडाखा डोक्याला बसला होता. पीटर पॅनसारखी कधीच मोठी व्हायची नाही असं म्हणणाऱ्या त्या पोरीच्या आठवणीत व्हाइट कुटुंबाने बागेसाठी जमीन दिली. आज त्याच हिरवळीवर लहान मुलं तबकड्यांमागे धावतात. २०२२ ची जागतिक स्पर्धा एम्पोरियातच झाली. पॉल मॅकबेथ तिथे सहाव्यांदा जगज्जेता झाला आणि एस्टोनियाच्या क्रिस्टिन टाटरने महिलांमध्ये आपलं पहिलं जगज्जेतेपद घेतलं.

मॅसॅच्युसेट्समधल्या लेस्टरचा मेपल हिल कोर्स ख्रिसमसच्या झाडांच्या मळ्यात आहे. लाल, पांढरी, निळी, सोनेरी अशा चारही आखण्या तिथे आहेत. सोनेरीवर जगातले अव्वल खेळाडू घाम गाळतात, तर लाल आखणीवर घरची लहान-थोर मंडळी छोट्या हिरव्यागार झाडांमधून फिरून येतात.

व्हर्मांटमधलं स्मगलर्स नॉच हे मुळात बर्फावर घसरायला येणाऱ्या कुटुंबांचं ठिकाण. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की ती जागा डिस्क गॉल्फची. दोन कोर्स आहेत: एक जंगलातला, एक बराचसा मोकळ्या कुरणाचा. २०२३ ची जागतिक स्पर्धा इथेच झाली. घरात एकाला झाडीतली कसरत आवडते आणि दुसऱ्याला लांबलचक फेक, अशा वेळी भांडायची गरज नाही. एक दिवस हा, एक दिवस तो.

सॅन होझे, सनीव्हेलकडे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी डोंगर ओलांडला की सांता क्रूझ, आणि तिथे डेलाव्हिएगा. इथल्या २७ व्या होलला 'टॉप ऑफ द वर्ल्ड' म्हणतात. माथ्यावर उभं राहायचं, लांबवर माँटेरेचा उपसागर, आणि तबकडी दीडशे मीटरहून दूर खाली दरीकडे सोडायची. ती इतका वेळ हवेत राहते की बघणारा श्वास घ्यायला विसरतो. कोर्स मात्र चढउताराचा आहे. गुडघे कुरकुरत असतील तर या एका होलपर्यंत फिरायला जावं आणि फेकणाऱ्यांना बघत बसावं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधल्या कोर्सवर जाणार असाल तर जुलैतही स्वेटर न्या. धुकं कधी येईल सांगता येत नाही.

युरोपात या खेळाचं वेड उत्तरेला आहे. लोकसंख्येच्या मानाने कोर्स मोजले तर आइसलंड जगात पुढे. रेक्याविकच्या मध्यवस्तीत, कलासंग्रहालयाला लागून असलेल्या क्लांब्राटून बागेत नऊ होलांचा फुकट कोर्स आहे, आखूड आणि नवशिक्यांना सोसणारा. जूनमध्ये तिथे रात्री अकरालाही उजेड असतो. "अंधार पडायच्या आत घरी ये" हे वाक्य तिथल्या आयांना उन्हाळ्यात वापरताच येत नसणार!

फिनलंडमध्ये नोकिया नावाचं शहर आहे. हो, तेच नाव. मोबाइल कंपनी तिथल्या नदीकाठच्या कागद गिरणीतून वाढली आणि शहराचं नाव जगभर गेलं. त्या शहरातला डिस्क गॉल्फ कोर्स आहे 'द बीस्ट', म्हणजे श्वापद, आणि युरोपियन ओपन तिथे भरत आली आहे. नवख्याने सोनेरी टीवरून आधी नुसतं बघावं, मग जवळच्या लहान कोर्सवर हात मोकळा करावा. तबकड्या बनवणारी स्वीडनची एक कंपनी तर आपल्या गावाच्या अक्षांशावरूनच 'लॅटिट्यूड ६४' म्हणवते.

तबकडी डावीकडेच का पळते?

उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून नेत, फेकली की तबकडी शेवटी डावीकडे वळून बसते. नवशिका म्हणतो, माझा हात चुकला. हात बरोबर असतो; हे भौतिकशास्त्र आहे. वेग ओसरला की हवेचा वर उचलणारा दाब तबकडीच्या पुढच्या भागावर जास्त येतो. न फिरणारी वस्तू अशा वेळी नाक वर करेल. पण तबकडी भोवऱ्यासारखी फिरत असते, म्हणून तो रेटा तिला मागे न उलटता बाजूला कलंडवतो. डावखुऱ्या माणसाची तबकडी उजवीकडे वळते. घरात एक डावखुरा असेल तर त्याला डावीकडून झाडी असलेल्या होलवर उभं करा आणि त्याचा भाव वाढताना बघा.

तबकड्यांवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण, शेवटचं वळण. दुकानात मुलं हमखास सर्वात मोठ्या वेगाची ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची तबकडी, उचलतात. ती देऊ नका. तिची कड पातळ आणि धारदार असते, ती फेकायला दंडात ताकद लागते, आणि ती नसेल तर तबकडी दोनतीन झाडांपलीकडे जाऊन डावीकडे झोपते. लहानांना हलकी, जाड कडेची पटर (जवळच्या फेकीची) किंवा मिडरेंज (मधल्या पल्ल्याची) द्यावी. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड टप्पे खात जावा म्हणून मनगटाला जो झटका देतो, तोच इथे द्यायचा. तबकडी आडवी, सपाट, आणि हात डोक्यावर नाही तर छातीच्या रेषेत. आपल्याकडची मुलं हे अर्ध्या तासात शिकतात, कारण तो झटका त्यांच्या मनगटात आधीपासून असतो.

लांब फेकण्याचा विक्रम ऐकायचाय? २०१६ मध्ये नेव्हाडाच्या वाळवंटात, पाठीवर वारा घेऊन डेव्हिड विगिन्स ज्युनियरने तबकडी ३३८ मीटर नेली. क्रिकेटची दोन मोठी मैदानं एकापुढे एक ठेवा, साधारण तेवढं.

पण माझं मन जिंकलं ते ७५ मीटरच्या एका फेकीने. २०२१, युटामधलं ऑग्डेन, जागतिक स्पर्धेचा शेवटचा होल. जेम्स कॉनराड एका फेकीने मागे, आणि पुढे कोण तर पॉल मॅकबेथ, ज्याने त्याच वर्षी एका डिस्क कंपनीशी दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार केला होता. कॉनराडला तिथूनच, ७५ मीटरवरून, थेट साखळ्यांत टाकायची होती. त्याने टाकली! गर्दी वेडी झाली. बरोबरी झाली, पुढचा जादा होल कॉनराडने जिंकला आणि जगज्जेतेपदही. मुलांना खेळाची ओढ लावायची असेल तर त्या फेकीचा व्हिडिओ एकदा दाखवा. दुसऱ्यांदा ती स्वतःच लावतील.

घरच्यांसाठी दोनचार गोष्टी

जोडीने खेळायची एक रीत आहे, ती लहानांसाठी लाखमोलाची. दोघांनी फेकायचं, चांगली पडलेली निवडायची आणि पुढची फेक दोघांनी तिथूनच. बाबांची तबकडी झुडपात आणि लेकीची वाटेच्या मधोमध, असं प्रत्येक फेरीत निदान एकदा होतंच, आणि तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

सगळ्यात मागे जो असेल त्याची पाळी आधी, हा नियम छोट्यांना खूप आवडतो. पहिल्या फेकीनंतर बहुतेक वेळा त्यांचाच नंबर लागतो. तबकडी झाडावर अडकली तर घाबरू नका. बरोबर तिच्याखालून पुढची फेक करता येते. पूर्वी दोन मीटरच्या वर अडकली की एक फेक दंड असायचा. आता तो स्पर्धा भरवणाऱ्याच्या मर्जीवर आहे, आणि घरच्या खेळात तर नकोच. बास्केटपासून दहा मीटरच्या आत पट करताना मात्र तोल सावरून उभं राहावं लागतं, पुढे झेपावायचं नाही. आजोबांना हा नियम लगेच जमतो, नातवंडांना नाही. फांद्या वाकवून किंवा मोडून वाट काढणं नियमातच बसत नाही. फेकणाऱ्याच्या पुढे कुणीही, विशेषतः मुलांनी, जायचं नाही. वाटेवर माणूस दिसला की थांबायचं, आणि तबकडी कुणाच्या दिशेने निघालीच तर पोटातून ओरडायचं, "फोर!"

आणि निघण्याआधी मार्कर पेन घेऊन तबकडीच्या पोटावर नाव आणि फोन नंबर लिहा. या खेळातले लोक तसं लिहितात, आणि ज्याला सापडते तो फोन करतो. तळ्यातून, गवतातून, कधी झाडाची पानं गळल्यावर हिवाळ्यातही तबकडी परत येते. मुलीच्या तबकडीवर तिच्याच अक्षरात लिहू द्या. नंबर वाकडातिकडा आला तरी वाचता यायला हवा, एवढंच.